पोटातल्याचा वाटा

प्रफुल गळ्यात टाय बांधून गोळ्या विकणाऱ्या कंपनीच्या चंद्रपूरच्या मीटिंगहून परतला, तेव्हाच गोकुळाच्या कपाळाला आठी पडली. ज्या घरात उभा जन्म मासोळीचा वास गेला नाही, त्या घरात टाय! पण एकुलता एक पोरगा, बोलणार काय? त्याने पिशवीतून एक पांढरा डबा काढला आणि तो देवाच्या मूर्तीसारखा बापापुढे, डोमापुढे ठेवला.

"बाबा, ह्या उमर वाढवाच्या गोळ्या. आपल्या अंगात करोडो पेशी असतात. पेशीत धागा असते. दर खेपेस नवी पेशी बनली का धाग्याचं टोक झिजते. टोक संपलं का माणूस म्हातारा."

डोमाने बिडी तोंडातून काढली. नायलॉनचं जाळं विणून झालं की तो सुताचं टोक बिडीच्या विस्तवाने जाळून घट्ट करायचा, म्हणजे ते उसवत नसे. "म्हंजे हे गोळी टोक जाळते," तो म्हणाला. त्याला विज्ञान कळलं, असं समजून प्रफुल खूश झाला.

"आन ते सरकारी दवाखान्यातली साखरेच्या बिमारीची गोळी आता बंद करा. कंपनीवाले साहेब म्हणत होते, पेशीच सुधरली तं साखर आपोआप जाते."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! गोकुळाच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. पोरगा बारावी शिकलेला, त्याच्यापुढे आपली अक्कल ती किती. पुढे ही गोष्ट तिला फार छळणार होती.

डोमाला दुसरीच चिंता. "एवढ्या गोळ्या मी एकटा खाऊ? वाटे पाडू ना बे."

"नाई! महाग आहे. तुमच्यासाठीच आणल्या," म्हणत प्रफुलने डबा फळीवर वर ठेवून दिला.

तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. डोमाने मात्र कधी एकट्याने चाखलं नव्हतं. सिंदेवाहीकडच्या त्या तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची रीतच तशी. सकाळी जाळी बाहेर आली की तळ्याच्या बांधावर, पाळीवर मासोळीचे ढीग लागायचे. जाळ्यागणिक एक वाटा, जाळं नसलेल्या विधवेचा एक. आणि कुणाची सून दोन जिवांची असली, तर एक लहानसा ढीग वेगळा ठेवायचा, पोटातल्याचा. जो अजून जन्मला नाही, त्याला उपाशी ठेवून कुणी घरी जात नसे. वाटे पाडायचं काम डोमाकडे होतं आणि त्याच्या हातावर कधी कुणी शंका घेतली नव्हती.

सरकारी गोळी बंद होऊन पंधरा-वीस दिवस गेले. डोमाची तहान वाढली, घागर पुरेना. प्रफुल म्हणे, "विष बाहेर पडून राह्यलं." आणि एका सोमवारी गोकुळा पाणी आणायला निघाली, तर शेजारची शकुबाई आपल्याच उंबऱ्यात आडवी. सत्तरीची एकटी विधवा. अंगाला दरदरून घाम, डोळे उघडे आणि नजर कुठेच नाही. गोकुळाने हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. म्हातारी घोगऱ्या आवाजात काहीतरी बरळली आणि तिची दातखीळ बसली. गोकुळाने प्रफुलला आरडून बोलावलं.

टाय बांधून कामाला निघालेल्या प्रफुलने ऑटो आणला आणि तोही पुढे बसला. डोमा आणि गोकुळाने म्हातारीला मांडीवर धरून सिंदेवाहीचा सरकारी दवाखाना गाठला. तरुण डॉक्टरने बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि तो ओरडलाच, "सिस्टर, ग्लुकोज! लवकर!" मग वळून म्हणाला, "साखर पार तळाला गेलीय. हिला डायबिटीसची गोळी कोणी दिली?"

"तिले तं साखरेची बिमारीच नाई," गोकुळा म्हणाली.

"म्यानं देल्ली," डोमा म्हणाला.

गोकुळाने नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याला कळलाय, अशी तिची समजूत होती.

डोमा शांतपणे सांगू लागला. "साहेब, दोन सालाखाली मी खाटेवर पडलो होतो. तुमच्या गोळीनं मले उभं केलं. आता पोरानं दुसरी आणली, मंग ते चांगली गोळी फेकून देऊ का? काल सारे म्हातारे पाळीवर बसले होते. म्हणलं, हिनं मले जगवलं, तुमाले बी जगवन. वाटे पाडले. एकेक गोळी, सकाळी उठल्याबराबर घ्याची. मी एकटाच शंभर वर्सं जगून काय करू? बोलाले कोण राहीन?"

प्रफुलचा हात टायच्या गाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

"आणखी कोणाला दिली?" डॉक्टरने विचारलं.

"जंगूले. रामाजीले." डोमाने बोटं मोजली. "आन घरी जयाले. पोटातल्याचा वाटा."

जया त्याची सून. सातवा महिना.

डॉक्टर प्रफुलला सांगत होता, पळ, सगळ्यांना साखरेचं पाणी पाज, बायकोला इकडे घेऊन ये. प्रफुल "माह्यानं झालं, माह्यानं झालं" म्हणत धावत सुटला, त्याची एक चप्पल दारातच राहिली. मग डॉक्टरने डोमाचंही बोट टोचलं आणि कपाळाला हात लावला. त्याची साखर यंत्राच्या आकड्यात मावत नव्हती. त्यालाही शेजारच्या खाटेवर झोपवलं.

गोकुळा दोन खाटांच्या मध्ये बसली. मनातल्या मनात ती हजारदा घरी जाऊन आली. दर वेळी तिला जया उंबऱ्यात आडवी पडलेली दिसे. ती स्वतःवर चिडली, पोरावर चिडली, नवऱ्याच्या भोळेपणावर तर इतकी चिडली की त्याच्याकडे पाहवेना.

ग्लुकोजची बाटली अर्धी झाली तेव्हा शकुबाईने डोळे उघडले. गोकुळाला ओळखलं आणि एकदम रडू लागली.

"गोकुळे, माह्या हातून पाप झालं व."

"काऊन व माय? कायचं पाप?"

"जयानं आपला वाटा मले देल्ला. म्हणे, मी तरणी हावो, तुमाले जरूर आहे. आज सकाळी म्यानं दोनी गोळ्या खाल्ल्या. निरण्या पोटी." म्हातारीने गोकुळाचं मनगट पकडलं. "पोटातल्याचा वाटा खाल्ला म्या. सांग ना, लेकराची उमर तं कमी होनार नाई?"

गोकुळाने म्हातारीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि ओक्साबोक्शी रडू लागली. प्रफुल अजून वाटेतच होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.