हातानं केलेलं पान

मावशीच्या हाताला वळण होतं, हाच काय तो सगळा घोटाळा. तीस वर्षं रंगीत काचा कापून, शिशाच्या पट्ट्यांत बसवून तिनं तावदानं केली. कमळं, बगळे, वेली. कड कुठं खरवडलेली नाही की झाळलेला सांधा कुठं फुगलेला नाही. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी वेलीचं तावदान सांगितलं होतं. ते बघायला आले, भिंग काढून पान न् पान तपासलं आणि नाक मुरडलं.

"हे हातानं केलेलं नाही, बाई. मशीनचं आहे."

"अहो, ही बोटं बघा!" मावशीनं चिरांनी भरलेली दहाच्या दहा बोटं पुढं केली.

"बोटं खरी असतील, पण चूक कुठाय? निसर्गात असं नसतं काही. आम्ही कवळी करतो ना, तीत एखादा दात मुद्दाम तिरपा बसवतो. त्याशिवाय लोकांना खरी वाटतच नाही."

शनिवारपर्यंत हाताची खूण दिसली नाही तर तावदान नको, वर मशीनचा माल हाताचा म्हणून खपवतात हेही चार लोकांना सांगेन, असं बजावून ते गेले. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, एक पान बिघडव ना," दुकान सांभाळणारी भाची म्हणाली. "तुझं काय जातंय?"

"काय जातंय? अगं, हा हात सरळ चालावा म्हणून सगळा जन्म घालवला मी!"

पण तीस वर्षांच्या नावाला बट्टा लागणार, ही धास्ती काही जाईना. बसली बिचारी. कटर मुद्दाम वेडावाकडा फिरवला, तर पानाला काय सुरेख डौल आला! दुसरं कापलं, ते त्याहून देखणं. चौथ्या पानाला मावशी रडकुंडीला आली. शेवटी जन्मात कटर न धरलेल्या भाचीनं एक पान कापलं. कड कुरतडल्यासारखी, आणि झाळताना सांध्यावर हा एवढा गोळा! मावशीनं आपलं एक चांगलं पान काढून तिथं ते बसवू दिलं.

शनिवारी डॉक्टर बायकोला घेऊन आले आणि थेट त्या पानापाशी थांबले.

"हं! याला म्हणतात हात! तीस वर्षांची तपश्चर्या आहे ही."

बायकोला तर गहिवरूनच आलं. भाची तोंड फिरवून उगाच खोकत राहिली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण नाव वाचलं होतं.

"आता या पानाखाली तुमची सही हवी," डॉक्टर म्हणाले.

मावशीनं कुंचला घेतला. पान नाही तर नाही, सही तरी आपली, म्हणून तिला जरा बरं वाटलं. एका दमात, ठसठशीत अक्षरांत तिनं नाव घातलं. डॉक्टर वाकून बघू लागले.

"बाई, सही मात्र छापल्यासारखी वाटतेय हो."

मावशीनं ओली सही फडक्यानं पुसली आणि कुंचला भाचीच्या हातात दिला.

"घे. माझं नाव तूच लिही."