थंडेबाबाचे गरम पाय

फुस्स्स! ट्रॅक्टरच्या नाकातून वाफेचा लोट उठला, अन् सोजराबाईच्या खळ्यात जमलेल्या शे-दीडशे माणसांनी टपाटप हात जोडले.

"देखा?" बाजेवरून थंडेबाबा गरजला. "सून चढली अन् मशीन खवळलं! पायगुण गरम है इसका, पायगुण!"

मडगार्डवर बसलेली डिंपल खाली उतरली. जळगाव जामोदची पोरगी, लग्नाला पाच महिने झालेले. सोयाबीनची मळणी सुरू झाली, तसा सासरचा जुना ट्रॅक्टर थ्रेशरला जोडला की तापायला लागला, अन् सासू सोजराबाईनं थेट बाबाला बोलावलं. ताप, भांडण, अ‍ॅसिडिटी, जे जे गरम ते ते हा बाबा थंड करायचा म्हणे. त्यानं उपाय सांगितला तो एकच: सुनेला कायमची माहेरी धाडा. तिची बॅग सकाळपासून उंबऱ्यावर भरून ठेवलेली. नवरा कुलदीप आईच्या मागं उभा.

इंजिन थंड झालं, पाणी भरलं, अन् परीक्षेची दुसरी फेरी लागली. या वेळी डिंपल खाली. बाबाच्या चेल्यानं ट्रॅक्टरच्या तोंडावर बांधलेली लाल मखमली ओढणी सोडली.

"मशीनमध्ये माता है," बाबानं समजावलं. "अपशकुनी बाईचं तोंड मातेनं पाहू नये, म्हणून पडदा. आता बाई नाही, पडदा नाही!"

अर्धा तास थ्रेशर धडधडला. तापमानाचा काटा हिरव्यातून हलला नाही. "थंडेबाबा की जय!"

जय म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज होता कारभारीचा. पन्नाशीचा हा पंप-मिस्त्री. खोड्यांसाठी प्रसिद्ध; गावात कुणाच्या गाडीच्या सीटवर काटेरी गोखरू सापडलं की लोक आधी याचं नाव घेत. तो जय म्हणत होता, पण पाहत होता भलतीकडेच. ट्रॅक्टरच्या नाकाखाली ओल्या कुटाराचा, सोयाबीनच्या भुशाचा, हा एवढा ढीग पडलेला! त्यानं धावत जाऊन बाबाचे पाय धरले.

"बाबा, काय थंडगार पाय हो! फ्रिजमधून काढल्यावानी! सांगा बे, गावात सगळ्यात थंड पाय कोनाचे?"

"बाबाचे!" गर्दी ओरडली.

"मंग एक फेरी बाबाच बसतीन! मशीन जन्मभरासाठी थंड होऊन जाईन!"

"हम मशीन पे नहीं बैठते," बाबा घाईनं म्हणाला.

"बसा ना बाबा," सोजराबाईच हात जोडून पुढं आली. आता काय बोलणार? गर्दीनं बाबाला अक्षरशः उचलूनच मडगार्डवर ठेवलं. कारभारीनं स्वतःच्या हातानं ओढणी बांधली, चारही कोपरे ताणून. चेला सोडायला धावला, तर त्याचा हात धरून म्हणाला, "राहू दे भाऊ, मातेले बाबाची लाज वाटते!"

थ्रेशर सुरू झाला. पाच मिनिटं. दहा. काटा चढत चढत लालात घुसला, अन् फुस्स्स! थंडेबाबा धोतर सावरत असा उडाला, की थेट कुटारात.

"अरारारा!" कारभारीनं छाती बडवली. "बाबाचाच पायगुण गरम निघाला हो! बाबाले माहेरी धाडा!"

खळं हसून लोळलं.

"सुनेची नजर लागली!" बाबा किंचाळला.

"हाव? मंग डिंपल, तू बस माय. ओढणी काढून," कारभारी म्हणाला.

थोड्या वेळानं पाणी भरून तीही फेरी झाली. डिंपल वर, चांगला अर्धा तास. काटा हिरव्यात. लोक ट्रॅक्टरजवळ सरकले.

कारभारीनं बोनटपुढची जाळी ठोकली. "हे ट्रॅक्टरचं नाक. पंखा इथूनच हवा ओढते, तवा रेडिएटरचं पाणी थंड राह्यते. थ्रेशरचं कुटार उडून इथं चिकटलं, नाक बुजलं, म्हणून तापून राह्यलं होतं. कुलदीपच्या नाकातोंडाले गोधडी बांधून पोते उचलाले लावा, तोबी तापन! अन् सकाळी जाळी कोनं धुतली?"

"चेल्यानं," डिंपल म्हणाली. "शुद्धी म्हणून. टोपलंभर कुटार निघालं, काका."

"म्हणजे बाबाले दुखणं पक्कं ठाऊक होतं! जाळी धुतली तिथंच ट्रॅक्टर बरा झाला. मंग याले तापवाचा असला की ओढणी बांधाची, नसला की सोडाची. हेच त्याचं सारं देवपण. अन् या देवपणासाठी एका लेकराचा संसार मोडाले निंगाला होता, हरामखोर!"

चेला केव्हाच पळाला होता. बाबाला मात्र लोकांनी धरून ठेवलं. कुलदीपनं पोलिसांना फोन लावला, पाच महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं.

सोजराबाई खाली मान घालून म्हणाली, "चाल बाई घरात."

डिंपल जागची हलली नाही. "आई, पाच महिने तुमच्या घरात माह्या पायाले शिव्या बसल्या. या पायानं दूध नासलं, या पायानं म्हैस आटली. आज बाबा सापडला म्हणून मी वाचले. उद्या दुसरा येईन. घरात येतो मी, पण इथं सगळ्यायसमोर सांगा, पायगुण नावाची चीज नसते."

सोजराबाई गर्दीकडे वळली अन् बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नसते."

"मंग ध्यानात ठेवा," डिंपल गर्दीकडे वळली. "मशीन तापलं की पहिले जाळी पाहा, मंग पाणी पाहा, मंग पंख्याचा पट्टा पाहा. नाहीच समजलं तं मिस्त्री बोलवा. सुनेचे पाय पाहाचे कामच नाही."