बारा शर्टांचं गणित

मित्रांनो, माझ्या अंगावरचे चरे मोजत बसू नका, दमून जाल. मी एक जुनं टेबल आहे. जेवणाचं नाही, शोभेचं तर मुळीच नाही. शिंप्याचं, कापड बेतायचं टेबल. एखादा उंच माणूस माझ्यावर खुशाल पाय पसरून झोपेल एवढा मी लांब आहे, आणि याचा मला थोडा गर्वही आहे. आता वय झालं, बोलायची खोड लागली, तेव्हा जरा ऐकून घ्या.

मला घडवणारा सुतार भारी चिडका होता, पण काम चोख. ज्यांच्यासाठी मला केलं त्या शिंप्यांना सगळे मास्टर म्हणत. दुकानात ठेवण्याआधी मास्टरांनी मला चारही बाजूंनी कंबरेने ढकलून पाहिलं. मी जागचा हललो नाही. टेबल हललं की कापड हलतं आणि कापड हललं की कात्री भलतीकडे जाते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढे कितीतरी वर्षं माझ्यावर कोट बेतले गेले, शाळेचे गणवेश बेतले गेले. लग्न ठरलेले, नोकरी लागलेले, नुसतेच जाडे झालेले, सगळे माझ्यापाशी येऊन माप देऊन गेले. गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं की मास्टर माझ्यावर हलकी थाप मारत. तीच माझी शाबासकी.

मग तयार कपड्यांची दुकानं आली आणि आमचं दुकान ओस पडलं. मला घरी आणलं ते पाय काढून, कारण दारातून मी मावेना. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलं आणि माझ्यावर काय काय रचलं म्हणून सांगू! बॅगा, बंद पडलेला पंखा, कुणाचा तरी मोडका पाळणा. मास्टर गेले तेव्हाही मी त्या ढिगाखालीच होतो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मला पुन्हा उजेड दाखवला तो त्यांच्या मुलीने. ती कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना बंद पडला तेव्हा रडत न बसता तिने बाह्या सरसावल्या, ढीग उपसला, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि वडिलांची कात्री माझ्यावर ठेवली. कपडे सैल करणं, आखूड करणं, फिटिंग करणं अशी कामं तिने सुरू केली. तिचे उपकार मी विसरायचा नाही.

माझ्या एका टोकाला ती शिवायची आणि दुसऱ्या टोकाला तिची मुलगी अभ्यासाला बसायची. मुलीला घरात बारकी म्हणत. बारकी म्हणजे नुसती बडबड. पण गणित सोडवायला बसली की गप्प व्हायची, कोपर माझ्यात रुतवायची आणि पेन्सिल इतकी दाबायची, की वहीखालच्या माझ्या लाकडावर आकडे उमटायचे. मला ते आवडायचं.

मग तिच्या बाबांनी आपला जुना फोन तिला दिला. त्यात एआय होता. गणिताचा फोटो काढायचा, की उत्तर हजर, तेही पायऱ्यांसकट. आईचं एक बटण लावून होईपर्यंत बारकीचा अभ्यास उरकू लागला. आईला वाटलं, पोरगी भलतीच हुशार निघाली. मला मात्र चुटपुट लागून राहिली. बारकीचं कोपर आता माझ्यात रुतत नव्हतं.

एकदा शाळेत गणित आलं: एका शर्टाला २.२५ मीटर कापड लागतं, तर बारा शर्टांना किती? फळ्यावरून उतरवून घेताना बारकीने घाईत दशांशचिन्ह गाळलं. घरी नेहमीप्रमाणे फोटो काढला. फोनने वहीतल्या आकड्यांचं उत्तर बिनचूक दिलं आणि बारकीने न बघताच ते उतरवलं. बारा शर्टांना सत्तावीसशे मीटर! आणि हे कुणी लिहावं, तर शिंप्याच्या नातीने.

वर्गशिक्षिका बाईंनी गमतीने विचारलं, की हे शर्ट कुणाचे, हत्तीचे का? सगळा वर्ग खो खो हसला. मग बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावून तेच गणित करायला सांगितलं, तर तिला पहिली पायरीसुद्धा सुचेना. नुसता खडू हातात धरून ती उभीच राहिली.

घरी आल्यावर तिने दप्तर माझ्याखाली सरकवलं, शर्टांची आणि फोनवरून उतरवल्याची सगळी हकिगत सांगितली आणि डोकं माझ्यावर टेकून म्हणाली, "आई, मी ढ आहे. मला काहीच येत नाही. उद्यापासून मी शाळेत जाणार नाही."

मित्रांनो, माझ्यावर कात्र्या आपटल्या आहेत, इस्त्रीचे चटके बसले आहेत. पण त्या वाक्यासारखं काही लागलं नाही. चुकलेलं गणित दुरुस्त होतं. पोरीने स्वतःला एकदा ढ ठरवलं, की ते कोण दुरुस्त करणार?

आई रागावली नाही. हातातलं काम चालू ठेवूनच तिने विचारलं, की तुझ्या बाबांच्या शर्टाला कापड किती लागतं? बारकी डोकं न उचलता म्हणाली, सव्वादोन मीटर. आणि दोन शर्टांना? साडेचार. आई हसली. म्हणाली, मग एवढं येतंय की. पण बारकी म्हणाली, ते कापडाचं झालं, गणित वेगळं असतं.

तेवढ्यात दारात त्याच वर्गशिक्षिका बाई आल्या. त्यांचा काळा कोट आईकडे फिटिंगला होता आणि तो घालून बघायचा होता. बारकी लगेच माझ्याखाली लपली, दप्तराशेजारी. कोट चढवल्यावर बाईंना त्यावर लाल दोऱ्याचे लांबलांब टाके दिसले. काळ्या कोटाला लाल दोरा कशाला, असं त्यांनी विचारलं.

"हे कच्चे टाके," आई म्हणाली. "आधी हाताने घालायचे. चूक चटकन दिसली पाहिजे आणि चटकन उसवताही आली पाहिजे. मशीन मारायची ती नंतर. थेट मशीन मारली तर कोट शिवून होतो, पण तो अंगाला बसतोय का, ते कळत नाही."

बाईंनी आरशात ते लाल टाके पुन्हा निरखले. मग कोटासकट वाकून माझ्याखाली डोकावल्या आणि म्हणाल्या, "बारके, माझी गंमत जरा जास्तच झाली. मला राहवलं नाही. चुकलंच माझं. उद्यापासून तूही आधी कच्चे टाके घालत जा. लाल पेन्सिलने. चुकले तरी मला तेच बघायचे आहेत."

दुसऱ्या दिवशी बारकी शाळेत गेली. आणि घरात नियम झाला: आधी लाल पेन्सिल, मग फोन. फोनला उत्तर मागायचं नाही, आपण कुठे चुकलो ते विचारायचं. सुरुवातीला बारकीने फार कटकट केली. रडली, वही फेकली, माझ्या पायाला लाथही मारली. पण एकेक पायरी सुचू लागली. आणि त्या फोनबद्दल आधी माझ्या मनात काहीही असो, त्याचं श्रेय त्याला देतो. एकच गोष्ट तिने पुन्हा पुन्हा विचारली तरी तो कधी वैतागला नाही. असा शेजारी मिळाला हे माझंही नशीबच.

तुम्हीही त्याला जरूर विचारा, मित्रांनो. फक्त आधी आपलं आपण चुकून बघा, जेवढं येतं तेवढं कागदावर उतरवा. आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, की पोराने लवकर अभ्यास उरकला म्हणून लगेच कौतुक करू नका. जरा शेजारी बसा.

परवाची गोष्ट सांगतो. बारकी एका गणितावर केव्हाची अडली होती. लाल रेघोट्यांनी पान भरलं होतं. आईला जेवायला वाढायचं होतं. ती म्हणाली, "विचार ना आता त्या फोनला, किती वेळ झाला."

बारकीने कोपर माझ्यात आणखी रुतवलं. मान वर न करता म्हणाली, "थांब ना आई. मला येतंय."

आईने गॅस बंद केला आणि माझ्या दुसऱ्या टोकाशी येऊन बसून राहिली, पोरीचं होईपर्यंत.