सात नंबरचा ठिपका

मालोजीच्या हातातली बसची किल्ली मी सगळ्या ड्रायव्हरांसमोर काढून घेतली, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका.

चिखलीत आमच्या अकरा बस आहेत. चाकणच्या एका कंपनीची माणसं शिफ्टला न्यायची आणि परत आणून सोडायची. माझे मालक वारले तेव्हा दोन बस होत्या, अकरा मी केल्या. शाळा चौथीपर्यंत. त्यानं माझं काही अडलं नाही. कॉम्प्युटरचं काम सून बघते. अपेक्षा वाकडच्या फ्लॅटात वाढलेली, पण कामाला वाघीण. प्रत्येक बसमध्ये तिनं यंत्र बसवून घेतलंय. बस पहिलं माणूस जिथं उचलते, तिथं नकाशावर ठिपका पडतो.

तर एका मंगळवारी कंपनीतून पूनम मॅडमचा फोन. कंपनीच्या बसगाड्यांचं सगळं तीच बघते.

"विमलबाई, तुमची सात नंबर रोज शाहूनगरला का थांबते? तिथं आमचं एकही माणूस राहत नाही."

तिनं मोबाइलवर तिचा ऑनलाइन नकाशा पाठवला. मी चष्मा लावून पाहिलं. सात नंबर शाहूनगरच्या पुढं, बरोब्बर जयसिंगच्या आवारात. या जयसिंगच्याही बस आहेत आणि आमचं कंत्राट कधी हातात पडतंय म्हणून तीन वर्षं टपून बसलाय. सात नंबर चालवतो मालोजी.

मी तशीच ऑफिसात गेले. "अपेक्षा, तुझा नकाशा दाखव."

तिच्या मोठ्या स्क्रीनवर सात नंबरचे दोन ठिपके. एक चिंचवड स्टेशनला, एक आमच्या चिखलीत. दोन्ही जिथल्या तिथं. शाहूनगरला काही नाही.

"हिकडं दोन आन तिकडं एक? ते बी जयसिंगच्या दारात?"

"आई, माहिती एकच आहे. इथून तीच ऑनलाइन जाते."

"मग ठिपका काय पायी चालत गेला?"

"रिफ्रेश झालं नसेल. बघते मी."

तिनं काहीतरी दाबलं, परत दाबलं. तासाभरानं पण तेच. ती स्क्रीनकडं बघत होती आणि मी तिच्या तोंडाकडं. बाकीच्या दहा बस दोन्ही नकाशांत सारख्या, एकटी सातच वाकडी. वर कंपनीला दिसतोय तो नकाशा मळका आणि मला दाखवतात तो धुतलेला. धुतला कोणी? या पोरीला गाडी मालोजीनं शिकवलेली. काका काका म्हणते त्याला. माझ्या मनात सगळं जुळलं. जयसिंगची माणसं माझ्या डिझेलवर जातायत आणि माझ्याच घरातलं कोणीतरी त्यावर पांघरूण घालतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात मी हात पुढं केला. "किल्ली."

"आक्का, काय झालं?"

"जयसिंगकडं कवापासून जातोयस?"

"सतरा वर्षं झाली मला तुमच्याकडं."

"तेच इचारते. सतरातली किती त्याच्याकडं?"

मालोजीनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. फडक्याला हात पुसले आणि चालत गेटाबाहेर गेला. चोर असा गुपचूप जातो, असं मला तेव्हा वाटलं.

सात नंबर मी दत्तोबाला दिली. तो आमचा सुट्टीचा ड्रायव्हर, कोणी रजेवर गेलं की चालवणारा. संध्याकाळी मोबाइल उघडला. ठिपका जयसिंगच्या आवारात.

"दत्तोबा, एका दिवसात तुला बी फोडला व्हय त्यानं?"

"आक्का, देवाशपथ! जयसिंगचं तोंड बघून मला वर्ष झालं."

"तोंड कशाला बघायला लागतंय? फोन हाय की."

पण त्या रात्री माझं मलाच पटेना. एका दिवसात माणूस फुटतो, पण तेवढ्यात त्याच जागी, तसाच, तिळभर न हलता ठिपका पडतो? पहाटे उठून मीच चिंचवड स्टेशनला गेले आणि सात नंबरमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. कामाला निघालेली पोरं चढली, मला बघून दचकली.

"आक्का, कंपनीत लागला का काय?"

"व्हय. तुमच्या साहेबाला घरी बसवायचाय."

सकाळची शिफ्ट चाकणला सोडली. दुपारची माणसं चिखलीतून घेतली, तेव्हाही मी त्याच सीटवर. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. बस जयसिंगच्या आवाराकडं वळली सुद्धा नाही. संध्याकाळी मोबाइल उघडला. सात नंबर जयसिंगच्या आवारात!

म्हणजे आता मीसुद्धा फितूर.

मी मोबाइल अपेक्षापुढं आपटला. "आज मी सोता बसले व्हते त्या बसमधी. आता बोल."

अपेक्षानं या वेळी काही दाबलं नाही. तिनं मलाच विचारलं, "आई, सात नंबरमध्ये बाकी दहा बसपेक्षा वेगळं काय आहे?"

हे मला कोणी शिकवायला नको. बाकीच्या बस सकाळी जिथून निघतात, दुपारीही तिथूनच निघतात. सातच अशी की सकाळी चिंचवड स्टेशन आणि दुपारी चिखली. मराठवाड्याची पोरं चिखलीत खोल्या करून राहिली, आक्का आमच्यापाशी बस आणा म्हणून मागं लागली, तेव्हा ही सोय मीच लावून दिली होती.

अपेक्षानं मोठ्या स्क्रीनवर एक बोट स्टेशनवर ठेवलं, दुसरं चिखलीवर. मी बघत राहिले. जमिनीची मोजणी आयुष्यात कितीदा पाहिलीय मी.

"अगं, जयसिंगचं आवार दोन्हीच्या मधोमध येतंय."

तिनं पूनमला फोन लावला. पाच मिनिटांत उलगडा. मशीनला जागा आकड्यांत कळते. अपेक्षानं आपल्याकडं प्रत्येक खेपेचा ठिपका वेगळा ठेवलेला. पूनमनं ऑनलाइन तिचा स्वतःचा नकाशा नव्यानं मांडला, एका बसला एक ठिपका. सातच्या जागा निघाल्या दोन. मशीननं कोणाला न विचारता दोन्हींची सरासरी काढली आणि बस मध्येच उभी केली. अर्धी भाकर माहेरी खाल्ली, अर्धी सासरी, आणि हे म्हणतंय बाई रस्त्यात जेवली!

"हे परवाच का न्हाई सांगितलंस?"

"शोधू कुठं दिलंत? मी स्क्रीन बघत होते, तुम्ही माझं तोंड बघत होता."

सून उलट बोलली. घरात असं सहसा होत नाही. मग आधी पूनमकडून नकाशा दुरुस्त करून घेतला. माझ्या डोळ्यांदेखत जयसिंगकडचा ठिपका गेला आणि दोन जागी दोन उमटले, तेव्हाच उठले.

मालोजीच्या दारात जयमाला उभी होती, त्याची बायको. या म्हणाली नाही. मालोजी आतून आला.

"मशीनची चूक झाली रे," मी म्हणाले.

"किल्ली मशीननं न्हाई काढून घेतली, आक्का."

"बरं. माझी झाली."

"हितं दारात कशाला सांगता?" जयमाला म्हणाली. "जिथं चोर म्हणालात तिथं बोला. दोन दिवस गल्लीतली माणसं मला इचारत्यात, तुझ्या नवऱ्यानं काय उचललं म्हणून."

तिच्या जागी मी असते तर याहून जास्त बोलले असते.

सकाळी सगळे ड्रायव्हर जमले तेव्हा मी म्हणाले, "मालोजी चोर न्हाई. मी चुकले." दत्तोबाला हसू फुटलं. त्याच्याकडं असं बघितलं की ते तिथंच आटलं. मालोजीनं किल्ली घेतली, बस काढली.

आता तो रोज बस लावली की ऑफिसात येतो. बसत नाही, चहा घेत नाही. "अपेक्षाताई, माझे दोन दाखवा," म्हणतो. आधी मोठ्या स्क्रीनवर बघतो, मग मोबाइलवर. मी समोर खुर्चीत असते.

काल मी विचारलं, "मालोजी, एवढा बी भरवसा न्हाई का माझ्यावर?"

"तुमच्यावर हाय की, आक्का," तो म्हणाला. "पण ते मशीन तुमाला काय सांगतंय, ते मला आधी बघू द्या."

आणि मोबाइलसाठी त्यानं अपेक्षापुढं हात केला.