शेवटचे दोन सेकंद

आत्या सेकंदाला अकरा अक्षरं बोलू शकते. मी मोजली आहेत. आमच्या रेडिओ केंद्रावरच्या निम्म्या जाहिरातींना तिचाच आवाज असतो. त्या दुपारी एका उमेदवाराच्या प्रचाराच्या जाहिरातीत तिने शेवटचं वाक्य दोन सेकंदांत बसवून दाखवलं: ‘या जाहिरातीचा खर्च खडी-खाण मालक संघाने केला आहे.’ बावीस अक्षरं, एकही गाळलं नाही. आधीचे अठ्ठावीस सेकंद रस्ते, स्वच्छ हवा आणि मुलांच्या मैदानाचे होते.

माझं काम तपासणीचं. नियम एका ओळीचा आहे: पैसे देणाऱ्याचं नाव साध्या श्रोत्याला एकदा ऐकून कळलं पाहिजे. तसं लिहून मी सही करायची. सही चुकली तर निवडणूक होईपर्यंत केंद्राला प्रचाराची एकही जाहिरात घेता येणार नाही, म्हणजे आत्याची महिन्याभराची कामं बुडाली. मला तर नोकरीला लागून तीनच महिने झाले होते.

जाहिरात बनवणारा माणूस ऐसपैस बसला होता. “मॅडम, पाचला लागायची आहे. नाव आहे ना त्यात?”

“आहे. कळतं का ते बघते.”

“आता लोकांचे कानही तपासणार?”

“तपासू द्या,” आत्या म्हणाली. “दूध उतू जायला किती वेळ लागतो ते ही लहानपणी घड्याळ लावून बघायची. गॅस बंद करायचं मात्र सुचायचं नाही.”

वरच्या मजल्यावर शिवणवर्ग चालतो. तिथल्या पाचजणींना मी सांगितलं, शेवटी एक नाव येईल ते ऐका. पाचहीजणींनी बरोबर सांगितलं.

“पाचपैकी पाच,” माझ्यामागोमाग वर आलेला तो माणूस म्हणाला. “करा सही.”

मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात सुईत दोरा ओवता ओवता एकीने विचारलं, “पण जाहिरात होती कशाची गं?”

बाकीच्या चौघींनाही ते सांगता येईना. मी नावाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी तेवढंच ऐकलं होतं. घरात भांडी घासताना रेडिओ ऐकणाऱ्याला असं आधी कोण सांगतं? प्रयोग माझाच चुकला होता. मी टोपण परत लावलं.

“हे रद्द,” मी म्हणाले. “पुन्हा करते. या पाचजणी सोडून.”

“मॅडम, जाहिरात नापास होईपर्यंत तुम्ही परीक्षा घेणार का?”

“नाही. एकदाच, पण नीट.”

खाली दातांचा दवाखाना आहे. तिथे नऊजण बसले होते. काहीही न सांगता मी जाहिरात ऐकवली आणि मग विचारलं, याचे पैसे कोणी दिले? आठजणांनी ‘माहीत नाही’ म्हणून माना हलवल्या. नववा गाल धरून म्हणाला, “डॉक्टरांनी?”

नऊपैकी शून्य. मी तो आकडा कागदावर लिहिला, खाली ‘नामंजूर’ लिहिलं आणि सही केली.

केंद्रावर परतल्यावर त्याने कागद दोनदा वाचला. “मी दुसऱ्या केंद्रावर जाईन.”

“जा ना,” आत्या म्हणाली. “नियम तिथेही हाच आहे, आणि तिथे मी नाही. चार सेकंद दे, मी ते नाव आजीबाईलाही ऐकू जाईल असं वाचते.”

“तीस सेकंदांच्या वर जाता येत नाही. दोन सेकंद आणू कुठून?”

“ते तू ठरव.”

त्याने मजकुराचा कागद पुढे ओढला. बराच वेळ पेन्सिल फिरवत बसला आणि शेवटी ‘मुलांना खेळायला मैदान’ यावर काट मारली. आत्या आत गेली आणि सेकंदाला साडेपाच अक्षरं या वेगाने वाचून आली.

दवाखान्यातले आधीचे नऊजण आता कामाचे नव्हते, त्यांना प्रश्न माहीत झाला होता. नवे पेशंट येण्याची वाट बघावी लागली. पावणेपाचपर्यंत चौघे आले. तिघांनी नाव लगेच सांगितलं. चौथे एक आजोबा होते. त्यांनी उलट मलाच विचारलं, “म्हणजे हा उमेदवार खाणवाल्यांचा माणूस का?”

“ते तुम्ही ठरवायचं, आजोबा,” मी म्हणाले, आणि तिथेच दवाखान्याच्या बाकावर कागद ठेवून ‘मंजूर’ लिहिलं.