पेपरवाल्याच्या घरी दिलेली सुरभी

रोहण्यात सुरभीच्या घरी संगणक आला तो आर्वीहून बैलबंडीत, दोन गाद्यांच्या मधोमध बसून. तो सुरू झाला की अर्ध्या गावाचे दिवे मिणमिणत आणि गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. हे खोटं म्हणणारा कोणी भेटला तर खुशाल समजावं की तो त्या वर्षी गावात नव्हता.

त्या संगणकात एकच गेम होता, संसाराचा. पडद्यावर घर बांधायचं, त्यात बोटाएवढी माणसं ठेवायची, त्यांना जेवू घालायचं, न्हाऊ घालायचं, कामाला धाडायचं. विसरलं की ती भर अंगणात उभी राहून रडायची. त्यांची भाषा कोणालाच कळत नसे. शेजारच्या अण्णाजींना तेवढी कळायची, आणि दर वेळी ती माणसं 'अण्णाजीले चहा ठेवा' असंच म्हणत असायची.

सुरभी आणि धाकटा अंकुश, दोघांनी त्यात आपलंच घर उभं केलं होतं. आई, बाप, अंकुश, सुरभी. सुरभीने आपल्या खोलीला निळ्या भिंती दिल्या आणि खिडकी पूर्वेला काढली, कारण खऱ्या खोलीचीही पूर्वेलाच होती.

आता ती नागपुरात शाळेत शिकवते. यंदा भाऊबीजेला आली तर खऱ्या खोलीत कापूस. दरवर्षीचंच ते. पहिला वेचा घरी आला की तिची खोली भरायची, दाराला आडव्या फळ्या लागायच्या आणि भाव चढेपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही. सुरभीची पथारी बैठकीत. तिला माहेरी येऊन त्या खिडकीखाली झोपायचं होतं, बाकी काही नको. मागच्या दिवाळीला मागितलं, तेव्हा अंकुश म्हणाला पुढच्या दिवाळीला. या दिवाळीलाही तो पुढच्याच दिवाळीला म्हणाला. शाळेत पोरांवर ओरडणारी बाई माहेरी मात्र राग गिळून बसली.

ओवाळणं झालं. अंकुशची बायको ज्योत्स्ना स्वतःच्या भावाला ओवाळायला पुलगावला गेलेली. कोपऱ्यात आईच्या जुन्या साडीच्या झाकणाखाली संगणक दिसला आणि सुरभीला राहवेना. बटण दाबलं. यंत्र मळणीसारखं घरघरलं, आतून एक पाल तिची पिल्लं घेऊन बिऱ्हाड हलवल्यासारखी बाहेर पडली, आणि गेमची ती जुनी धून वाजायला लागली. बहीणभाऊ एकमेकांकडे बघून हसले. पडद्यावर बाप सोफ्यावर घोरत होता, आई ओट्यापाशी उभी होती, अंकुश टीव्हीपुढे. सुरभीने भिंती ओळखल्या, अंगणातलं चुकून उलटं लावलेलं बाकडंही ओळखलं. फक्त ती स्वतः कुठे दिसेना. तिच्या खोलीचं दार बुजवलेलं होतं. गेममध्ये कापूस मिळत नाही म्हणून आत छतापर्यंत पांढऱ्या उशा रचल्या होत्या.

"मी कुठं गेली?"

अंकुशने कान खाजवला. "तुह्यं लगन झालं नं ताई. मंग मी इथूनही तुले देल्लं."

"कोणाले?"

"पेपरवाल्याले."

गेममधल्या दारावर रोज तोच एक यायचा, दुसरं स्थळ कुठून आणायचं, असं त्याचं म्हणणं पडलं. सुरभीने माऊस सरकवला. समोरच्या प्लॉटवर चार भिंती, एक शेगडी, एक खाट. दारात ती स्वतः, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, ढसाढसा रडत. घराला संडासच नव्हता. लग्नाच्याच वर्षी अंकुशने संगणक झाकून ठेवला, तेव्हापासून ती बाई तशीच नाचत होती.

मग सुरभीने गिळलेला सगळा राग एकदम बाहेर काढला. घर मी बांधलं, तुला माऊस धरायला मी शिकवलं, आणि मला बाहेर काढताना विचारलंदेखील नाही, असं ती सुनावत सुटली. अंकुश म्हणाला, गेम आहे तो. तिने फळ्यांकडे बोट करून विचारलं, हाही गेमच का?

आवाज ऐकून आई, यशोदाबाई, हात पुसत आली. इतक्या वर्षांत तिने त्या पडद्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आता चष्मा लावून वाकली आणि कोण कुठे ते समजून घेतलं. त्या घरची रीत अशी की पोरगी द्यायच्या आधी घर पाहायला जायचं. सुरभीच्या वेळी यशोदाबाईने व्याह्यांच्या संडासाचा नळ स्वतः सोडून पाहिला होता, आणि व्याही ते अजून विसरले नाहीत.

"घर न पाहता पोरगी देल्ली तू?"

"आई, थे खरं नाई."

"रडून राह्यली ना थे. डोये फुटले का तुये?" यशोदाबाई म्हणाली. "दोघायलेही घरी आण."

जागा नाही, खोलीत कापूस आहे, असं अंकुशने सांगितलं. मग काढ, ती म्हणाली. अंकुश पडद्यावरची एकेक उशी उचलायला लागला, तेव्हा तिने त्याच्या हातातून माऊस काढून घेतला आणि खऱ्या फळ्यांकडे मान केली.

"थो नाई. हा."

"कुठं टाकू?"

"तुह्या खोलीत."

"ज्योत्स्ना आली का काय सांगू तिले?"

"पेपरवाल्याच्या घरी जागा आहे म्हणून सांगजो."

फळ्या निघाल्या आणि कापूस गुडघ्यापर्यंत घरात आला. दिवेलागणीपर्यंत अंकुश गाठोडी वाहत होता. शेवटी तो इतका पांढरा झाला की घरचा कुत्रा त्याच्यावर भुंकला आणि अंग झटकायला बाहेर पडला तर कुणाची तरी मेंढरं त्याच्यामागे रोहण्याच्या वेशीपर्यंत गेली. सुरभीने एका गाठोड्यालाही हात लावला नाही. ती संगणकापुढे बसली. बुजवलेली भिंत फोडली, दार लावलं, दोघांना घरी आणलं. बोटाएवढी सुरभी धावत सुटली ती थेट संडासात. पेपरवाला बगलेत पेपर धरून दाराबाहेर पाय आपटत उभा राहिला.

मग सुरभीने खरी खाट खऱ्या खिडकीखाली ओढली, कापसाच्या तंतूंमुळे चार शिंका दिल्या आणि आडवी झाली. राग काही उतरला नव्हता. अंकुश दारात येऊन, पेपरवाल्यासाठी वेगळा संडास बांधून देतो, म्हणाला. तेवढीच माफी त्याला जमत होती.

"बांध," सुरभी कूस बदलत म्हणाली. "तुह्या खोलीत."