आंब्याची मोठी बाटली

"दाबा आणि मग फिरवा," ग्लेनिसने बाटली तपासनीस हेस्केथच्या हातात ठेवली. "नुसती फिरवून उघडली, तर दुकान तुमच्या नावावर करते."

हेस्केथने मुद्दाम नुसतीच फिरवली. झाकण कटकट वाजलं, उघडलं नाही. मग त्याने लेबलावरून अंगठा फिरवला. डोळ्यांनी दिसत नाही त्यालाही धोका कळावा म्हणून उठवलेला त्रिकोण जागेवर होता. नियमाप्रमाणे निकोटिनची एकही बाटली दहा मिलिलिटरच्या वर नव्हती. इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टनच्या बाजारातलं हे व्हेपचं, म्हणजे वाफेच्या सिगारेटचं आणि तिच्यात भरायच्या द्रवाचं, दुकान ग्लेनिस नऊ वर्षं चालवत होती आणि तपासणीत तिला नावं ठेवायची कुणाची बिशाद नव्हती.

"तुमच्याकडे यायचं म्हणजे माझी सुट्टीच," म्हणत हेस्केथने चहाचा कप उचलला.

तेवढ्यात विल्फ आला. सत्तरी उलटलेली, संधिवाताने बोटं वाकडी, पण जीभ शाबूत.

"माझं औषध दे, पोरी. सरकारी माणूस बसलाय म्हणून पाणी घालू नकोस."

"घातलं तरी तुम्हाला कळणार आहे होय?"

तिने फळीवरून आंब्याच्या वासाची मोठी बाटली काढली. मोठीत निकोटिन नसतं, त्यामुळे तिला नियमही नसतात. निकोटिनची छोटी बाटली वेगळी घ्यायची आणि घरी जाऊन मोठीत ओतायची, ही इथली रीत. विल्फची बोटं चालत नाहीत म्हणून ती हे काम काउंटरवरच करून देई. तिने छोटीचं झाकण दाबून फिरवलं, सगळं आंब्यात ओतलं, बाटली दणादणा हलवली आणि रिकामी छोटी केरात टाकली. बघू दे या तपासनीसालाही, दुकानदारी कशाला म्हणतात ते.

"हिचं झाकण बरं आहे," विल्फ हेस्केथला सांगू लागला. "एका बोटाने उघडतं. माझ्या नातीलासुद्धा जमतं. तीन वर्षांची आहे. वास आला की म्हणते, आजोबा, मला पण."

हेस्केथने कप खाली ठेवला.

"या बाटलीवर त्रिकोण दिसत नाही."

"लागत नाही," ग्लेनिस म्हणाली. "कायदा मला पाठ आहे. निकोटिन नाही तर त्रिकोण नाही, दाबायचं झाकणही नाही."

"आणि आता?"

ग्लेनिसने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. पोरांच्या हाती लागू नये म्हणून ज्याला इतकी बंधनं, ते विष तिने स्वतःच्या हाताने साध्या झाकणाखाली घातलं होतं. वर आंब्याचा वास. त्या पोरीच्या जिवावर बेतायला दोन-चार घोट पुरले असते. ग्लेनिसला लाज वाटली, कानशिलं तापली.

"विल्फ, ही मिळणार नाही. घरातली जुनी आजच आणून द्या."

"मग ती हट्टी झाकणं उघडणार कोण?"

"मी. रोज या. चहासुद्धा देते."

"तुझा चहा पांचट असतो," विल्फ कुरकुरला, पण त्याने बाटली मागितली नाही.

ग्लेनिसने फोन उचलून मुलीला लावला.

"केरिस, तुला दिलेली आंब्याची बाटली कुठंय?"

"बाळाच्या पिशवीत, लंगोटांच्या शेजारी. तूच निकोटिन घालून दिलीस ना, कडेवर बाळ असलं तरी उघडते म्हणून."

"पिशवी कुठंय?"

"खाली. आपला टेडी उपसतोय. का गं?"

"बाटली घे आणि कपाटावर ठेव. आधी ठेव, मग बोल."

पलीकडे नातवाने भोकाड पसरलं. ग्लेनिस फोन कानाला गच्च दाबून उभी राहिली.

"ठेवली," केरिस म्हणाली. "झाकण बंदच होतं. आई, झालंय काय?"

ग्लेनिसने खुर्ची ओढली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"तुझ्या ओळखीच्या बाळंतिणींना मी हीच बाटली दिलीय. सगळ्यांची नावं सांग."

तिने पेन घेतलं. केरिस सांगत राहिली आणि कागदाची एक बाजू भरली, तसा ग्लेनिसने तो उलटला.